ओट्यावरची शिरगणती

पुणे, १० ऑक्टोबर १९९५

पुन्हा तेच सांगतो नाना, शिरगणतीला आलेल्या त्या गुरुजींना घरोघर जाऊ द्यायला पाहिजे होतं. तुम्ही कळवलं की जनगणनेला चार वर्षं झाली, आता कशाला उकरतो. उकरलं मी नाही, कंप्युटरने. (साष्टांग नमस्कार राहिला, तो इथे घ्यावा. गुडघा कसा आहे?)

मी शिपाई आहे त्या हापिसात जनगणनेचा कंप्युटर आला आहे. त्याला एसी, आम्हाला पंखाही नाही. चपला काढून आत जायचं, देवळासारखं. त्यात सगळा नकाशा आहे. जिल्ह्यावर बाण नेला की तालुके उघडतात, तालुक्यावर नेला की गावं, आणि गावावर दाबलं की माणसं किती, बाया किती, शिकलेले किती, सगळं पारावर बोलल्यासारखं बाहेर.

इथले ड्रायव्हर चुडामण आप्पा यावलचे. त्यांच्या मुलीसाठी, प्रमिलेसाठी, माझं नाव निघालं होतं, मी चौथी नापास हेही त्यांनी पोटात घातलं होतं. मीच शहाणा, हौसेने साहेबांना म्हटलं, आप्पांना आमचं गाव दाखवा. साक्री तालुका उघडला. जिथे शिकलेल्या बाया कमी, तिथे लाल रंग. आपलं गाव मिरच्या वाळत घातल्यासारखं लाल! लिहिता-वाचता येणाऱ्या बाया: शून्य. आप्पा म्हणाले, "माही पोर दहावी शिकेल हाये. तिथं ती बोलीन कोनाशी?" आणि चपला घालून निघून गेले.

नाना, मला ती दुपार आठवते. गुरुजी उन्हातून आले, तुम्ही ओट्यावर बसवलं, चहा पाजला, आणि गावाच्या वतीने एकट्याने सगळं सांगितलं. बायांचं विचारलं तर म्हणालात, "बायास्ले काय लिखता-वाचता येस? बठ्ठ्या अंगठावाल्या शेतस, लिखी टाका." स्वतःला मात्र सातवी पास लावून घेतलं, सकाळी सोसायटीच्या कागदावर उठवलेल्या अंगठ्याची शाई वाळली नव्हती तरी! श्रावणात गल्लीला पोथी वाचून दाखवते ती आपल्याच घरातली भिकुबाई काकू, मला मुळाक्षरं शिकवली तिने, आणि हे पत्र तुम्हाला वाचून दाखवतेय तीही तीच. (काकू, एवढं जरा मोठ्याने वाच. पुन्हा एकदा वाच.)

बाकी क्षेम. कपाशी बरी असेल.

आपला,
सुकदेव

ता. क. आप्पांना हातापाया पडून राजी केलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत ते आपल्या गावी येऊन स्वतः बघणार. त्या दिवशी तुम्ही शेतात जावं. घरी थांबलातच तर गावाच्या वतीने काही सांगू नये. काकूला बोलू द्यावं.

ता. क. दुसरा. पाहुण्यांच्या चहापाण्याची मनीऑर्डर या वेळी काकूच्या नावाने केली आहे. पोष्टमनने सवयीने शाईचा पॅड पुढे केला तर तो तुमच्यापुढे सरकवावा, आणि काकूने सही करून घ्यावेत रुपये एकशे एक.