मल्हारीच्या पायाखालची माती

९ एप्रिल १९३८, जवळा बाजार
सरकारनं माझ्यावर घातलेली भाषणबंदी उठत नाही. बोलायचं नाही, म्हणून कादंबरी. तिच्यातला राजा प्रजेच्या सावल्या खातो. खरा वारस धनगरांत दडवलेला, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. खूण एकच: तो बसेल तिथं मेंढरं न हाकता भोवती बसतात. शेवटी तो सिंहासन जाळणार. राजेच नकोत हे सांगायला मला एक राजा लागतोय. असो.

१७ एप्रिल
खतासाठी माझ्या शेतात मल्हारी धनगराची मेंढरं बसवलीत. संध्याकाळी तिथंच गावकऱ्यांना पहिली प्रकरणं वाचली. खुणेपाशी आलो आणि मल्हारी दमून खाली बसला. कळपही बसला. रोजच बसतो. पण लोक माझ्याकडं पाहायचे थांबले.
त्याची बायको ठकू हसली, "उठा राजे, कुत्र्याला भाकर टाका." बाकी कुणी हसलं नाही.

२ मे
लोक मल्हारीपुढं वहाणा काढतात! पारावर घसा फोडून सांगितलं, गोष्ट आहे, मी रचली. किसन पाटील कानाशी येऊन म्हणाले, "बराबर हाय अण्णा. बंदी असताना उघड कसं सांगाल?"
आता नाही म्हणण्याचीही सोय उरली नाही.

२१ सप्टेंबर
माझी ज्वारी डोक्याच्या वर. मल्हारी बसायचा तिथली माती लोक टोपल्यांनी नेऊन आपापल्या रानात टाकताहेत.
"लेंडीखत आहे ते, बाबांनो!"
"लेंड्या समद्याच धनगरांच्या मेंढरांच्या ऱ्हातात, अण्णा. जवारी अशी कुठं येते?"

१० ऑक्टोबर
मल्हारी आला. लोकांनी बांधलेला जरीचा फेटा हातात. "मला कळपामागं चालू देत न्हाईत. मेंढरंबी तेच चारून राहिले."
"सांग त्यांना, मी धनगर आहे."
"सांगितलं की. म्हणतात, पुस्तकातल्यालाबी ठाऊक नव्हतं."
जाताना दारात थांबला. "अण्णा, खरंच ठाऊक नव्हतं का हो त्याला?"


२८ ऑक्टोबर
पोलिसांचा अमीन मल्हारीला वसमतच्या ठाण्यात घेऊन गेला. आरोप: नवा राजा उभा केला. मागोमाग गेलो, टेबलावर हस्तलिखित टाकलं. वारस माझ्या डोक्यातला, मला धरा.
अमीन म्हणाला, "लिखा तो आपने है. मगर लोग झुकते किसके आगे हैं?"
एवढ्या सभा गाजवल्या. हस्तलिखित काखेत मारून एकटाच परत आलो.

१५ नोव्हेंबर
मल्हारी वसमतला नाही. कुठं नेलं, सांगत नाहीत. अर्ज लिहिला, घरोघर फिरलो. एकही सही नाही, अंगठा नाही. पाटील म्हणाले, "राजाला अर्जानं सोडवायचं व्हय? पुस्तकातबी त्याला काळ्या किल्ल्यात नेलंच होतं की." तिथपर्यंतच वाचून दाखवलं होतं मी. सगळे निवांत वाट पाहताहेत.

२ डिसेंबर
सकाळी ठकू आली, कळप घेऊन. रडली नाही.
"त्यो राजा न्हाई, मला ठावं हाय. घोरतो किती! पण तुमी लिवलं तसंच होऊन राहिलं. पुढचं वाचा. माघारी येतो का त्यो?"
"पुढचं लिहिलेलं नाही, बाई."
"काहून? मंग लिवा की. मी बसते."
अंगणात बसली. मेंढरं तिच्याभोवती बसली, न हाकता.
सिंहासन जाळणं राहू दे. दौत उघडून लिहायला घेतलं: किल्ल्याचं दार उघडलं आणि तो…