उघडा तळवा

ओरुले, सार्डिनिया
१२ मार्च १९६१

चि. मिन्तोनिया हिस बाकिझिओदादाचे अनेक आशीर्वाद.

मी आणि माझी सांधेदुखी एकोप्याने नांदतो आहोत. शाळेत लॅटिन शिकवतो, मुलं शिकत नाहीत. दोन्ही पक्ष समाधानी आहेत.

काल वर्गात चतुर्थी, म्हणजे द्यायची विभक्ती, शिकवत होतो, तेवढ्यात मेंढपाळ बोबोरे सन्ना दारात आला, तो मात्र मागायला. टोपी हातात. म्हणाला, बायको जाऊन तीन वर्षं झाली, घर खायला उठतं, माणसाने मेंढ्यांशी तरी किती बोलावं? मग तुझं तोरिनोत कुठे जमलं का, अशी हळूच चौकशी. मी सन एकोणचाळीसच्या जत्रेची आठवण दिली, तर म्हणे तेव्हा तो पोर होता. चोवीस वर्षांचं पोर!

तू सान मार्कोच्या जत्रेला यावंस, म्हणजे गोल नाचात तो गावादेखत तुझ्या बोटांत बोटं गुंफेल, अशी त्याची मनीषा. मी केवळ दूत आहे. दूत अवध्य असतो, हे ध्यानात ठेवून लिही. ममता असू द्यावी.

तुझा,
बाकिझिओदादा


तोरिनो
२० मार्च

ती. बाकिझिओदादास मिन्तोनियाचा सा. न. वि. वि.

गिरणीत बावीस वर्षं उभी आहे. पाय शाबूत आहेत, नाचता येईल.

लग्न ठरलेल्यांनी आणि घरच्यांनी बोटं गुंफायची, परक्याला उघडा तळवा द्यायचा, ही आपल्या गावची रीत. त्या दिवशी त्याने माझ्या बोटांतली बोटं नाचता नाचता काढून घेतली आणि तळवा सपाट केला. पीठचक्कीवाल्याच्या मुलीचा होकार त्याला सकाळीच आला होता. तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून हाताने सांगितलं. वाद्य थांबेपर्यंत रिंगण मोडायचं नाही, म्हणून तो तळवा धरून मी फेरे घेत राहिले. गाव बघत होतं. आणि दादा, अ‍ॅकॉर्डियन तू वाजवत होतास. थांबला नाहीस. दुसऱ्या दिवशी मी बोटीत बसले.

त्याला सांग, येते. एक फेरा बोटं गुंफू देईन. मग तळवा उघडीन. वाजवणारा तूच हवास, आणि मी मान हलवेपर्यंत थांबायचं नाही. एवढं तरी माझ्यासाठी कर. लोभ असावा.

तुझी,
मिन्तोनिया


ओरुले
२९ एप्रिल

चि. मिन्तोनिया हिस अनेक आशीर्वाद.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसने निघालीस, निरोपही नाही. म्हणून मागे काय झालं ते कळवतो.

पहिल्या फेऱ्यात बोबोरे नव्या सदऱ्यात नवरदेवासारखा मिरवत होता. दुसऱ्यात तू बोटं काढलीस आणि त्याचा चेहरा आधी पांढरा, मग तांबडा झाला. पाचव्यापासून पायरीवरच्या म्हाताऱ्या मोठ्याने फेरे मोजू लागल्या. नववा, दहावा, अकरावा, तुझी मान काही हलेना! माझी बोटं सुजली. खडू धरवत नाही, त्यामुळे विद्यार्थी तुला दुवा देतात.

परवा त्याने दुकानात तंबाखू मागितली. दुकानवालीने गंभीरपणे विचारलं म्हणे, की चिमटीत देऊ की तळव्यावर? त्याच दुपारी तो मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात गेला. तिथे अजून गवतही नाही.

आता माझं. तेव्हा मी का थांबलो नाही? जत्रेत वाजवायची माझी ती पहिलीच वेळ. सगळं गाव माझ्या तालावर पाय टाकत होतं. तुझा चेहरा मला दिसला होता, मिन्तोनिया. पण ते सुख सोडवेना. व्याकरणात याला अपवाद म्हणता आलं असतं. घरात अपराधच म्हणतात. या अकरा फेऱ्यांनी तुझा राग गेला का, एवढं लिही.

तुझा,
बाकिझिओदादा


तोरिनो
६ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

बोबोरेचं झालं. खोटं कशाला लिहू, इथे परतल्यावर दोन ताटं जेवले आणि सकाळपर्यंत गाढ झोपले. पाद्रीबाबांना सांगू नकोस, ते पश्चात्ताप करायला लावतील.

राहिलास तू.

पुढच्या सान मार्कोला वाजवायला दुसरा कुणी बघ. तू रिंगणात माझ्या शेजारी उभा राहा. घरच्यांनी बोटं गुंफायची असतात, हे मला ठाऊक आहे. मी तुझा हात कसा धरीन, ते तुला नाच सुरू झाल्यावर कळेल.

तोवर लोभ आहेच. पुढचं रिंगणात पाहू.

तुझी,
मिन्तोनिया