खोक्यावर छापलेलं वजन

आई, तुझ्याकडे एक तक्रार दाखल करायची आहे, आणि ती तू काम करता करता नव्हे, नीट पाट घेऊन बसून ऐकावीस. विषय गंभीर आहे. लाकडं कापायचं एक नवं यंत्र मी गेल्या आठवड्यात विकत आणलं. त्याच्या खोक्यावर चारही बाजूंनी ठळक अक्षरांत छापलंय, वजन चार किलो. घरी आणून उघडलं तर आतल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासा, की हे वजन पट्टी, चेन, पेट्रोल आणि तेल सोडून. आता तूच सांग, पट्टी आणि चेन सोडली तर त्या यंत्रानं लाकूड कापायचं कशानं, शापानं? नवरदेवाचं वजन करावं आणि खाली टीप द्यावी की मुंडकं धरलेलं नाही, त्यातला प्रकार. मी इरेला पेटलो. यंत्राला पट्टी चढवली, चेन चढवली, टाक्या भरल्या, आणि असं सालंकृत करून स्कूटरवर पायांशी ठेवून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेलं. तुरीच्या डाळीच्या काट्यावर ठेवलं. सव्वापाच किलो. दुकानदार काट्याकडे बघत म्हणाला, "सर, कोनत्या भावानं लावू?"

तू हे यंत्र पाहिलेलं नाहीस म्हणून सांगतो. पोलादाची एक लांबट पट्टी असते, तिच्या कडेनं सायकलच्या चेनसारखी पण दातेरी साखळी गरागरा फिरते, मागे पेट्रोलचं लहानसं इंजिन. इंग्रजीत चेनसॉ, इथे अकोल्यात नुसतं कटर. डावा हात पुढच्या दांडीवर, उजवा मागच्या मुठीवर, आणि उजव्या हातानं खटका दाबून धरायचा. पकड सुटली की साखळी थांबते. तू म्हणशील, गॅस आला, गीझर आला, अजून लाकडं कशाला? त्याचं असं आहे, की मी घर बांधलं ते खारपाण पट्ट्यात. इथल्या बोअरच्या पाण्यात गीझरची कॉईल दोन हिवाळे टिकत नाही, पांढरीफटक होते आणि बसते. तिसरी कॉईल गेली तेव्हा तू न पाहिलेली तुझी सून म्हणाली, "तो अचलपूरचा बंब माळ्यावर काय आराम करून राहिला? आणा त्याले खाली." तेव्हापासून तुझा तांब्याचा बंब आमच्या न्हाणीजवळ उभा आहे आणि दर दिवाळीनंतर ट्रॉलीभर बाभूळ अंगणात पडते. बंबाच्या तोंडात जायचं तर लाकूड वीतभरच लागतं, म्हणजे एका ओंडक्याला किती काप, हे तुला वेगळं सांगायला नको. चार वर्षांपूर्वी मी मोठ्या उत्साहानं बावीस इंची पट्टीचं कटर घेतलं होतं. भरलं की आठ किलोच्या घरात. मेळघाट साफ करायला निघालेल्या माणसाचं यंत्र ते. संस्कृतच्या मास्तरांना एकट्यानं हत्यारं घ्यायला पाठवू नये.

म्हणून यंदा हलकं घ्यायचं ठरलं, आणि यंत्रांच्या दुकानात मी बराच वेळ घेतला. दुकानदार माझा जुना विद्यार्थी नव्हता ही त्यातल्या त्यात सोय. त्यानं आधी विजेवरचं दाखवलं. अंगणभर वायर ओढायची आणि लाईन जायची वाट बघायची, नको. मग बॅटरीवरचं एक टीचभर काढलं. "हे पाहा सर, एका हातानं चालते." एका म्हणजे कोणत्या, असं मी विचारणार होतो, विचारलं नाही. शेवटी बारा इंची पट्टीचं हे पेट्रोलचं त्यानं माझ्या हातात दिलं. मी ते पुढे धरलं आणि मनातल्या मनात एक अनुष्टुभ म्हणायला घेतला. वजन जोखायची माझी ही रीत आहे, काट्यावर कळत नाही ते चार चरणांत कळतं. मागच्या हिवाळ्यात जुनं धूड मी अख्खा श्लोक तोलून धरत होतो. यंदा दुसऱ्या चरणालाच उजवा अंगठा सुटतो. हे नवं तिसऱ्यापर्यंत राहिलं. चौथ्या चरणाला अंगठा मुठीवरून अलगद घसरला, जसा काही तो माझा नव्हताच. दुकानदारानं ते पाहिलं. "हलकंच पाह्यजे म्हनता, पन चालवनार कोन हाये?" मी म्हणालो, "घरच्यांसाठी पाहिजे. त्यांना जड होतं." तुझी सून त्या वेळी घरी गव्हाचा अख्खा कट्टा एकटीनं ओढून कोठीत नेत असणार.

तर अंगठ्याचं हे असं आहे, पावसाळ्यापासून. माहितीपत्रकात लिहिलंय की यंत्राच्या थरथरीनं बोटांना बधिरपणा येऊ शकतो. ते वाक्य मी तीनदा वाचलं. इतक्या श्रद्धेनं मी अलीकडे काही वाचलेलं नाही. पण थरथर काही तुझ्या कुऱ्हाडीला नव्हती, आणि तुझंही उजव्या अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं.

अचलपूरचं आपलं मागचं अंगण आठवतं. बाबा भिक्षुकीला चांदूर रेल्वेकडे गेले की आठ-आठ दिवस यायचे नाहीत आणि लाकडं फोडायची ती तूच. भटजींची बायको कुऱ्हाड चालवते म्हणून कुणी नाक मुरडलं की तू म्हणायचीस, "मंग काय मंत्रानं पानी तापवू?" सकाळी मी ओट्यावर गोधडी गुंडाळून बसलोय, शब्द पाठ करतोय, तू समोर पदर खोचून उभी. रामः, घाव. रामौ, घाव. रामाः, घाव. मी 'प्रथमा' म्हणेपर्यंत तू फोडलेलं पायानं बाजूला सारून नवं लाकूड उभं करतेस. संबोधनापर्यंत एक अख्खा शब्द चालवला की चोवीस घाव होतात आणि त्या दिवसापुरतं बंबाचं भागतं. तुला संस्कृतचं अक्षर येत नव्हतं, पण मी झोपेत एखादं रूप गाळलं की कुऱ्हाड वरच्या वर थांबायची. "एक खाल्लं तू." मी थक्क होऊन विचारायचो, तुला कसं कळलं? "मले संस्कृत येत नाही, मोजता येते. तीनाचे दोन झाले न." माझ्या पुढच्या सगळ्या परीक्षकांत तुझ्याइतका कडक कुणी भेटला नाही, आणि त्यांना तर विषय येत होता.

मग तो मार्गशीर्ष. मी सोळा वर्षांचा, पाठशाळेत पहिला, डोक्यात हवा. तृतीया विभक्तीच्या मध्यावर कुऱ्हाड थांबते. लाकूड अर्धं चिरलेलं, पातं त्यातच रुतलेलं. तू म्हणतेस, "चुकलं."

"नाही चुकलं."

"चुकलं. पहिल्यापासून म्हन."

मी पहिल्यापासून म्हणतो. तू हात पदराखाली घेऊन ऐकतेस, आणि संपल्यावर लाकडाला हात घालतेस. दुसऱ्या दिवशी चतुर्थीला तेच. मग द्वितीयेलाच. मी एकही रूप गाळत नव्हतो, मला पक्कं माहीत होतं, आणि ज्या बाईला ओ की ठो येत नाही ती मला रोज पहिल्यापासून म्हणायला लावत होती. चौथ्या दिवशी मी पुस्तक ओट्यावर आपटलं. "येत नाही तर मधे बोलतेस कशाला?" तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. "येत नाही मले, हे खरं हाये," एवढंच म्हणालीस आणि रुतलेली कुऱ्हाड डाव्या हातानं हलवून हलवून सोडवायला लागलीस. डाव्या हातानं. मला ते दिसलं होतं, दिसलं म्हणून तर आज लिहितोय. पण मी तेव्हा तिकडे बघत नव्हतो, मी स्वतःच्या अपमानाकडे बघत होतो.

त्याच रविवारी तू ती कुऱ्हाड माझ्या मांडीवर आणून ठेवलीस. दांड्याला तेल चोळलेलं. "घे. मोठा झाला आता. आजपासून बंब तुह्याकडं." मी ती गल्लीभर मिरवली. भांडण मी जिंकलो होतो आणि हे बक्षीस मिळालं होतं, असा माझा हिशेब. संक्रांतीला तुझ्या हातून तिळाच्या लाडवांचा डबा पडला, त्यावर मी हसलो. होळीपासून तुझी वेणी घालायला शेजारच्या काकू यायला लागल्या. उन्हाळ्यात अमरावतीच्या डॉक्टरांनी तुझा हात उताणा धरून अंगठ्याखालचं मांस आटून पडलेला खळगा बाबांना दाखवला. पुढच्या दीड-दोन वर्षांत चमचा, कंगवा, पदर, एकेक करून सगळं तू दुसऱ्यांच्या हातात दिलंस. गेलीस तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होतीस. मी आता बावन्नचा आहे, म्हणजे तुझ्यापेक्षा वडील. पत्रात कुठे अधिकारवाणी लागली असेल तर त्यामुळे.

तुझं ते 'चुकलं' मात्र मला कधी उलगडलं नव्हतं. दुखणं डोक्यातही गेलं असावं, अशी मी माझी समजूत घातली होती. मग मागच्या महिन्यातला एक रविवार. तुझी नात अमरावतीला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, शनिवारी बसनं येते आणि सोमवारी सकाळी जाते. लाकडं आम्ही दोघं कापतो, मी यंत्र धरतो, ती ओंडके सरकवते आणि काप गोळा करते. त्या दिवशी बाभळीत अर्ध्यावर माझा अंगठा सुटला, साखळी थांबली, आणि पट्टी लाकडात तशीच राहिली.

"काय झालं बाबा?"

"चेन सैल झाली."

मी यंत्र बंद करून पट्टी सोडवली. तिनं हातमोजे चढवले, चेन चिमटीत ओढून पाहिली. "टाईट आहे."

"नीट बघ."

"टाईटच आहे बाबा."

"पुन्हा बघ."

ती वाकून पुन्हा बघते आहे, मी उजवा हात स्वेटरच्या खिशात घालून उभा आहे, आणि आपल्याच तोंडून निघालेलं ते 'पुन्हा' मला तुझ्या आवाजात ऐकू येतं. छत्तीस वर्षांनी कळलं, की मी चुकलो नव्हतो. तुला हाताला विसावा हवा होता. माझी एक चूक काढली की मी पहिल्यापासून म्हणेपर्यंत तो तुला मिळत होता. आणि मी तोही काढून घेतला, वर पुस्तक आपटून.

त्यानंतर मी सगळा दोष यंत्रावर घातला. पेट्रोल जुनं आहे, प्लगला काजळी धरली आहे, आणि मुळात हे फार जड आहे. तुझी सून चार दिवस ऐकून घेत होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "अहो, त्या मशीनले किती बोल लावता? कप काय पेट्रोलवर चालते? तोही पडूनच राहिला तुमच्या हातून." मी म्हणालो, हलकं घेऊ या, मग बघ. म्हणजे दुकानात मी इतका वेळ यंत्र निवडत नव्हतो, आई. पुरावा निवडत होतो. हलक्यानं काम झालं तर दोष जडाचा. एवढंच मला सिद्ध करायचं होतं.

काल रविवार होता. नवं यंत्र दोरीच्या दुसऱ्या ओढीला सुरू झालं. पहिला काप सरळ गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला अंगठा सुटला. मी यंत्र बंद करून जमिनीवर ठेवलं आणि चष्मा पुसत बसलो. तुझ्या नातीनं पुढच्या दांडीला धरून ते एका हातानं उचललं. "बाबा, हे तर काहीच नाही! केवढं हलकं आहे." मी तिला खोक्यावरच्या वजनाचं प्रवचन दिलं, सव्वापाच भरलंय, काट्यावर केलंय. ती हसत सुटली. "आपल्याला काय डाळ विकायची आहे?" तेव्हा मी म्हणालो, "घे. मोठी झालीस आता. आजपासून बंब तुझ्याकडे." शब्द शोधावे लागले नाहीत, तयारच होते. तिनं आत ओरडून आईला सांगितलं, यंत्र छातीशी धरून फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवला. मग अर्धी ट्रॉली कापून टाकली. तिचे काप माझ्यापेक्षा सरळ आले. मी ओट्यावर बसून ऐकत होतो.

अमरावतीच्या एका डॉक्टरांचा नंबर माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे, अजून लावलेला नाही. इथवरचं हे पत्र आज पहाटे तुझ्या नावानं लिहिलं, पण खरं तर ते सकाळी नातीच्या पिशवीत जायला हवं होतं. मी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, डाव्या हातानं, आणि पत्र माझ्या खिशातच घेऊन परत आलो.

खोक्यावरच्या वजनाबद्दलची तक्रार मी मागे घेतो. यंत्र हलकं आहे, आई. मला भीती वाटते. हाताची वाटते, ती आहेच. पण कालपासून जास्त वाटते ती याची, की मी 'घे' म्हणालो आणि तिनं ते खरं मानलं, मी मानलं होतं तसंच, मिरवत.