टोपीखालचा बर्फ

सोम. ४ मार्च, सकाळी ७
काल मुलीला मुलगी झाली. गुरुवारच्या बसने बघायला जाणार. तापाच्या साथीमुळे पुलाजवळ तपासणी आहे म्हणे. ताप निघाला की खाली उतरवतात. उतरवू देत इतरांना. मला नुसता खोकला आहे, तोही धुळीचा.

मंगळ. ५ मार्च
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, पंधरा दिवस थांबा, बाळ फार नाजूक आहे. माझी दगदग नको म्हणून बोलते बिचारी. बापाला कळतं. जाणार म्हणजे जाणार.

बुध. ६ मार्च, दुपारी ३
अंग जरा गरम. उन्हात बसलो असेन. बायको म्हणते, सकाळपासून पांघरुणाबाहेर आलाच नाहीत. थर्मामीटर १०१. जुना झालाय. झटकून परत लावला. १०१.४. फारच जुना झालाय.

संध्याकाळी ६
विचार केला. ते लोक मशीन कपाळावर धरतात. म्हणजे प्रश्न फक्त कपाळाचा. शाळा सातवीत सुटली, पण डोकं चालतं.

गुरु. ७ मार्च, सकाळी ८, बसमध्ये
कानटोपीत बर्फाची पिशवी. कपाळ बधिर. सगळं ठरल्याप्रमाणे. बायको स्टँडवर आली नाही. दारातच म्हणाली, "त्या लेकराला काही झालं, तर मला तोंड दाखवू नका." बायकांना धीर कमी.

सकाळी ११
पुलाजवळ रांग. नर्सने मशीन धरलं. ८८. परत धरलं. ८७. "आजोबा, इतका थंड माणूस बसने जात नाही," म्हणाली. मागचे हसले. तेवढ्यात पाणी कानावरून शर्टात गेलं. टोपी काढायला लावली. मी ठणकावून सांगितलं, माझे हक्क मला माहीत आहेत. कोणते, ते ऐन वेळी आठवेनात. तिने मशीन मनगटाला लावलं. मनगटाचा मी विचारच केला नव्हता. १०२.

शुक्र. ८ मार्च
एका शाळेच्या वर्गात ठेवलंय. बारा खाटा. रिपोर्ट आला, साथीचाच ताप. रिपोर्ट चुकतात. गोळ्या घेतो, पण दबावाखाली नाही. बाळाकडे कधी जायचं ते मीच ठरवणार. तूर्त न जाण्याचं ठरवलं आहे.

रवि. १० मार्च, दुपारी ४
मुलीने व्हिडिओवर नात दाखवली. मूठभर आहे. जांभई दिली. मला नेमका खोकला आला. फोन हातभर लांब धरला, तोंडावर चादर घेतली. मुलगी हसली. "बाबा, फोनमधून नाही लागत."
तेवढं मला कळतं. चादर मात्र काढली नाही.