ओढ्यातले देव

नाशिक, ९ मे २०२५

चि. सोमनाथ यास सुवर्णाताईचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. तिचा पत्ता बदललाय, तो शेवटी लिहिते.

पेपरात तुझा फोटो पाहिला. भूरूपशास्त्राचे डॉक्टर सोमनाथराव, बिल्डरच्या शेजारी, अंगावर शाल! टेकडीखालचा ओढा मेलेला आहे, तिथे खुशाल घरं बांधा, असा अहवाल दिलास म्हणे. वा रे पंडित! मामाकडे सुट्टीत आल्यावर त्याच ओढ्यात तुझी चप्पल वाहून गेली होती, तेव्हा तो बरा जिवंत होता.

डोंगरावरचं पाणी कुठून उतरतं हे कळायला डिग्री लागत नाही. पुराचं पाणी कुठवर चढलं ते गोदावरीच्या पात्रातला आपला दुतोंड्या मारुती न शिकता सांगतो, आणि शाल मागत नाही.

बरं, आता आईचं. तुला सांगू नको म्हणाली होती, गृहप्रवेशाला बोलावून चकित करायचं होतं. निफाडचं घर विकून तिने त्याच टेकडीखाली, त्याच बिल्डरकडून रो हाऊस घेतलंय.

अंगणात तुळशीसाठी खणलं तर गुळगुळीत, गोल गोटे निघाले. तिने ते धुतले, शेंदूर लावला, देव्हाऱ्यात मांडले. "देव सोताहून आले," म्हणते. पाण्याने घासल्याशिवाय दगड असा गोल होत नाही, हे लहानपणी गोदागंगेवर तूच मला सांगितलं होतंस. तेच तिला सांगितलं.

"तू गप बस," म्हणाली. "माझ्या सोमानं लिव्हलंय, हितं वढा नाय. माझं लेकरू खोटं लिव्हल का?"

तुझी किळस येते, सोमनाथ. पण तुझं नाव घेताना तिचा चेहरा असा काही उजळतो की माझ्याने पुढे बोलवत नाही.

ती फक्त तुझंच ऐकेल. पावसाच्या आधी ये, तिच्यासमोर बस आणि तुझ्याच तोंडाने सांग, की तू खोटं लिहिलंस. शाल घरी ठेवून ये. तिला एकटीला सोडवत नाही, म्हणून मीही तिच्याकडेच राहायला आलेय.

पत्ता राहिला. तुझ्या अहवालातला नकाशा काढ. ओढ्याची निळी रेघ जिथे पुसलीस, तिथेच आमचं दार आहे.

तिथूनच,
तुझी ताई