एका माणसाच्या खोलीचा हीटर

प्रिय बारक्या,

तू पाठवलेला दुसरा हीटरही मी खोक्यात घालून कपाटावर टाकला. रागावू नकोस. रागावलास तरी समजूत काढायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही, तेव्हा आपला आपण शांत हो आणि पुढे वाच. फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं आईपासून लपत नाही, आणि हे मला तिच्या कानाआड सांगायचं आहे. म्हणून दातांच्या लॅबमध्ये बसून, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. डबा तसाच आहे. समोर कुणा आजोबांची कवळी घासायची राहिली आहे, ती माझ्याकडे बघून हसतेय. हसू दे बापडी.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणशील ताई नुसती कटकट करते. थंडी सुरू झाली तेव्हा आईच्या खोलीतला जुना तारांचा हीटर मी इलेक्ट्रिशियनला दाखवला. त्यानं कपाळालाच हात लावला. तारा उघड्या, वायर वितळायला आलेली, आणि वर तो एक्स्टेंशन बोर्डावर लावलेला. म्हणाला, धडधाकट डोळ्यांच्या माणसाच्या खोलीतसुद्धा मी हा ठेवला नसता. आई तिथंच बसली होती. ती म्हणाली, दिसणाऱ्यालाच भीती, मला काय त्याचं, राहू द्या की. तिची जीभ अजून शाबूत आहे, काळजी नको. तर तो गेला भंगारात, आणि तू मोठ्या प्रेमानं पंख्याचा हीटर पाठवलास. खोली चटकन गरम झाली, खोटं कशाला बोलू. पण काय रे तो आवाज! सारखी आपली घरघर. मी दिवसभर दात घासायच्या चाकापुढे बसते, माझे कान घरी येतात तेच भणभणत, मी एक वेळ सोसलं असतं. आईला काय झालं ते मात्र तुला तिथं बसून कळायचं नाही.

तू गेलास तेव्हा तिला कडेचं दिसत नव्हतं, एवढंच. आता त्या काचबिंदूनं उजेड आहे की अंधार इतकंच कळायचं शिल्लक ठेवलंय. पण सगळी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर, कानाला यंत्र लावून केलेली बाई ती. तिला घर कानानं दिसतं. नळ नीट बंद झालाय का, दूध उतू जायच्या बेतात आहे का, जिन्यावरून कोण चढतंय, मी चपला आपटून काढल्या म्हणजे आज लॅबच्या मालकीणबाई काही बोलल्या असणार, सगळं तिला बसल्या जागी कळायचं. पंखा सुरू झाला आणि हे सगळं बंद पडलं. मग हाका सुरू झाल्या. तू आहेस ना? दार लावलंस ना? कोण आलं गं? कोणी नाही आई. पुन्हा तेच. शेवटी मी पाठ फिरवली की ती हीटर बंद करायची आणि दोन स्वेटर चढवून कुडकुडत बसायची. भीक नको पण कुत्रा आवर, तशी गत. एकदा मी तिच्यावर ओरडले. हीटरवरून. लहान पोरावर ओरडावं तशी ओरडले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मीच रडले.

हे तुला अर्धंमुर्धं सांगितलं, तर तू कुठं कुठं वाचून, शंभर लोकांची मतं गोळा करून दुसरा पाठवलास. तेलाचा, फासळ्या-फासळ्यांचा, अगदी मुका. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर तूच! कौतुकानं म्हणतेय रे. आणि खरंच, आवाज म्हणून नाही. आईचा चेहरा निवळला, हाका थांबल्या. मला वाटलं, सुटले बाई. मग एका संध्याकाळी दार उघडलं तर आत करपल्याचा वास. आई खुर्चीत शांत बसलेली, सर्दीनं नाक चोंदलेलं, आणि हीटरवर घडी घालून टाकलेला टॉवेल मधोमध तपकिरी पडलेला. हीटरनं आपण होऊन वीज तोडली होती म्हणून तेवढ्यावर निभावलं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते, ते आता मानते.

झालं होतं असं की मी निघताना हीटर चालूच ठेवला होता. आईनं टॉवेल टाकायच्या आधी हात लावून पाहिलाही होता. त्या घटकेला तो तापून, आपोआप थांबून, गार होत आला होता. आवाज नाही, चटका नाही, म्हणजे बंद. आपल्या घरात जे वाजत नाही ते चालू नसतं, हा तिचा साधा नियम, आणि तो तू विसरलास तसा मीही विसरले. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय! मी विचारलं, तुला टॉवेल वाळत घालायला सांगितलं कुणी? म्हणाली, तुझं एक काम कमी करत होते. मला तेव्हा काही उमगलं नाही, मी तोंडाला येईल ते बोलले आणि टॉवेल कचऱ्यात टाकला.

मग तिनं फर्मान काढलं, आता हीटर मी घेणार. रविवारी रिक्षानं तिला दुकानात नेलं. गेल्या गेल्या तिनं दुकानदाराला भिंतीवरचे सगळे टीव्ही बंद करायला लावले. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. स्टुलावर बसून तिनं एकेक हीटर चालू करायला सांगितला आणि मडकं घेताना वाजवून बघतात तशी कान देऊन बसली. हा घोरतो. हा दात खातो. हा मेलेला आहे, याचं तोंड मी पाहिलंय, तिनं तुझ्या हीटरच्या भावाला हात लावून सांगितलं. दुकानदाराला हसू आवरेना. एक मात्र असा निघाला की तापायला लागताना टक्, थांबताना टक्, मध्ये चिडीचूप. बटणंही बोटाला लागणारी, वरून जाळी, चटका न बसणारी. आई म्हणाली, हा बोलतो, पण बडबडत नाही. मग त्याला आडवा पाडा म्हणाली. दुकानदार कां कूं करायला लागला, तर तिनं स्वतःच काठीनं ढकलला. पडल्याबरोबर तो बंद झाला आणि आमच्या आईसाहेब खूश. किती दिवसांनी मी तिला तशी हसताना पाहिली.

दुकानदारानं विचारलं, खोली केवढी? मी म्हटलं, दोघी झोपतो, बऱ्यापैकी मोठी आहे. आई त्यालाच म्हणाली, एका माणसाच्या खोलीचा द्या, ही जाणार आहे.

नवा हीटर पायाशी ठेवून रिक्षानं घरी येताना तीच बोलली. तुझा तो मुका हीटर चालू असताना तिला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. मालकीणबाई दुसऱ्या गावात लॅब काढतायत, ती मला सांभाळायला देतायत, आणि मी नाही म्हणून बसलेय, हे मी मैत्रिणीला फोनवर सांगत होते ते तिनं ऐकलं. त्यापुढचंही ऐकलं. मी म्हणाले होते, आई आहे तोवर माझं काही खरं नाही. बारक्या, मी हे म्हणाले होते. दमलेलं माणूस काय वाटेल ते बोलतं, पण मला ते तेव्हा वाटत होतं, आणि अजूनही कधी कधी वाटतं. ती चिडली नाही, रडलीही नाही. तिनं तयारी सुरू केली. मी कामावर गेले की एकटीनं चहा करून बघायचा, कपडे वाळत घालायचे, कुठलं बटण कुठं ते पाठ करायचं. तो टॉवेल म्हणजे तिचा एकटं राहायचा सराव होता. मी त्यावरून तिला नको नको ते बोलले.

आता ती म्हणते, तू जा, मी राहीन, आणि बारक्याला यातलं काही कळवू नकोस, त्याला कशाला ताप. ती राहू शकत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. मी मालकीणबाईंना हो म्हटलंय. हे सांगायलाच एवढं लिहिलं. आता आणखी काही पाठवू नकोस. तू स्वतः ये आणि आईला घेऊन जा. थंडी सरेपर्यंत तरी ने, पुढचं पुढे बघू. तुझ्याकडे जिना आहे, तुझ्या बायकोची नोकरी आहे, पोरांचा धुडगूस आहे, सगळं मान्य. ती तुमचं घर कानानं लवकर शिकेल, तुमच्यापेक्षा जास्त ओळखेल. पण तिला न्यायचं मनापासून वाटत नसेल तर फोन करू नकोस. तुझ्या पहिल्या श्वासात तिला कळेल, आणि मग ती कधीच येणार नाही. आधी बायकोशी बोल, मन घट्ट कर, आणि मगच तिला सांग की मला तू हवी आहेस. मी तिच्यावर रागावलेली नाही रे. तुझ्यावरही नाही. मला फक्त झोपायचं आहे.

तुझीच,
ताई