जांभळा घसा

प्रिय लाडोबा,

अक्षर पाहून दचकू नकोस, हे डाव्या हाताचं आहे. उजवा तू मोडलास. कोपरापर्यंत प्लास्टर आहे आणि बोटं इतकी सुजली की नर्सने अंगठी कापून काढली. तुझी बायको समोर स्टुलावर बसून रडते आहे. मी लिहीपर्यंत थांब म्हटलंय तिला. मनातल्या मनात मी तुला इतकं बदडलंय, की आता समोर आलास तर हात उचलायचाही कंटाळा येईल. तसाही एकच उरलाय.

भांडण आधी उरकते, ते पोटात ठेवून मला पुढचं लिहिता येणार नाही. तुझ्या बेकरीच्या भट्टीवरच्या कारागिराने मुलीला माझ्याकडे आणलं, तेव्हा तिच्या घशात करडा-पांढरा पापुद्रा होता. जरा खरवडला तर रक्त आलं. घटसर्प. असा रोगी दिसला, नुसता संशय आला, तरी डॉक्टरने त्याच दिवशी आरोग्य खात्याला कळवायचं असा कायदा आहे, आणि तो तुलाही माहीत होता, म्हणून तर धावत आलास. "ताई, एवढी ऑर्डर जाऊ दे, मग कळव. भट्टीला टाळं लागेल गं!" मी फोन उचलला तसा ओरडलास, "तू माझी बहीण आहेस की सरकारची?" तिला फार उशिरा आणली होती रे. श्वासासाठी तिने माझी बाही फाडली, तिला धरून बसलेल्या तिच्या आईच्या गालावर नखं ओढली, निळी पडली आणि माझ्या टेबलावरच गेली. तेव्हा तू बाहेर फोनवर मैद्याच्या पोत्यांची चौकशी करत होतास.

मग भट्टीला टाळं लागलं, गल्ली बंद झाली, घराघरांत घसे तपासले गेले, ज्यांच्या घशात पांढरं दिसलं त्यांना गाडीत घालून नेलं. आणि सगळी गल्ली माझ्यावर उलटली. आधी दवाखान्याची काच फुटली, मग औषधांचं कपाट आडवं झालं. तपासायच्या टेबलाची गादीसुद्धा फाडली, तिचा काय गुन्हा होता कोण जाणे. कंपाउंडरला केसांना धरून पायरीवर आपटलं, त्याचे पुढचे दात गेले. कुणीतरी मागून माझा गळा आवळला. तेवढ्यात तू दारात दिसलास आणि, खोटं कशाला बोलू, माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आला माझा भाऊ. तुझ्या हातात भट्टीतून पाव काढायचं ते लांब दांड्याचं लाकडी फावडं होतं. ते तू माझ्या डोक्यावर उगारलंस. मी हात आडवा घातला म्हणून हे पत्र लिहितेय. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकला, कळ नंतर आली. मीही काही कमी नाही, हाताला लागलेली काचेची बाटली तुझ्या कपाळावर फोडली. रक्त डोळ्यांत उतरलं तरी तू ओरडत होतास, "खात्याची गाडी पुन्हा गल्लीत आली तर पेटवून देईन!" टाके कुणाकडून घालून घेतलेस? गल्लीत दुसरा डॉक्टर नाही, म्हणून विचारते.

तुला आठवतं, लहानपणी तुझा घसा धरला की आई काडीला कापूस गुंडाळून ते जांभळं औषध लावायची? तुझे पाय मी धरायचे. एकदा माझ्या मनगटाला असा चावलास की दातांचे वण अजून आहेत. होते म्हणू या, आता प्लास्टरखाली काय उरलंय ते नंतर कळेल. आणि औषध लावून झालं की जांभळी जीभ काढून सगळ्यांना वेडावत फिरायचास. मला तुझा इतका राग यायचा आणि तरी हसू आवरायचं नाही.

आज सकाळी तुझी बायको डबा घेऊन आली. माझ्यासाठी, तुझ्या चोरून. झाकण उघडताना तिची बोटं दिसली. टोकांपर्यंत जांभळी. मी काही विचारायच्या आत तिने हात पाठीमागे नेले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तपासायला येणाऱ्यांना पांढरं दिसू नये म्हणून अख्खी गल्ली पोरांचे घसे जांभळे करून ठेवते आहे, आणि ही अक्कल तू शिकवलीस. आईचं औषध! आपल्या लेकीचा, भिंगरीचाही घसा तूच रंगवलास. तिला दूध गिळवत नाही, मान सुजली आहे, झोपेत घरघर लागते, आणि तू म्हणतोस मामुली आहे. अरे गाढवा, त्या रंगाने पापुद्रा झाकला जातो, थांबत नाही. त्या टेबलावरच्या मुलीची मानही अशीच सुजली होती. तुझी मानगूट धरून तुला भिंतीवर आपटावंसं वाटतंय मला, आणि त्याच वेळी भिंगरीला कुशीत घेऊन पळत सुटावंसं.

म्हणून हे लिहिलं. मी खात्याला कळवलं आहे, तुझ्या मुलीचं नाव सांगून. गाडी आता निघेल. तुझी बायको त्याआधी घरी पोचेल, म्हणून पत्र तिच्या हाती देते. त्या गाडीत घटसर्पाचं विष मारणारं इंजेक्शन आहे. ते दुकानात मिळत नाही, ते खात्याकडेच असतं, आणि कळवल्याशिवाय ते येत नाही. गाडी पेटवलीस तर भिंगरीचं औषध जाळशील. हात कुणी मोडला हे पोलीस विचारताहेत, तेही मी सांगणार आहे. पण ते उद्या. आज फावडं खाली ठेव, दार उघड आणि त्यांना आत येऊ दे. सुई टोचताना ती चावेल, तिचे पाय तू धर. कुणाची बहीण म्हणून विचारलं होतंस ना?

तुझीच,
ताई